पूजेला बसवलेला कॉम्प्युटर

कानडी मुलखात, बनशंकरीच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर पुण्याचं बिऱ्हाड आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला, कारण त्यांना माझ्याच वयाची मुलगी होती. तिचे वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर, माझे अण्णा जयनगरात शिंपी. ती माझ्याच शाळेत, माझ्याच बाकावर आली.

सातवीत शाळेने हुशार मुलांचा वेगळा वर्ग काढला. त्यासाठी परीक्षा घेतली, सगळी इंग्रजीतून, आकृत्यांची कोडी. तिच्या घरी तसल्या कोड्यांची पुस्तकं कपाटभर होती. मी ती पहिल्यांदाच बघत होते. गणितात मी तिच्या पुढे होते, पण ते कुणी विचारलं नाही. ती गेली, मी राहिले. मग नीट पाहिलं, तर त्या वर्गात इंजिनिअरांची, बँकवाल्यांची मुलं आणि आमच्यात शिंप्यांची, बस कंडक्टरांची, भाजीवाल्यांची. माझं डोकंच फिरलं.

त्यातही कॉम्प्युटरची खोली फक्त त्यांना होती, त्याने माझ्या फार पोटात दुखायचं. शाळेतली तेवढीच गार हवेची खोली, बाहेर बूट काढून आत जायचं. मैदानावर जाताना दाराशी तिचे बूट दिसायचे आणि लाथेने उडवावेसे वाटायचे. संध्याकाळी जिन्यावर बसून ती सांगायची, आज हुकूम टाइप करून पडद्यावरचं कासव चालवलं, त्याच्या मागे उमटणाऱ्या रेघेने चौकोन काढला. ती फुशारकी मारायची नाही, त्याचा तर जास्तच राग यायचा. मला एकदाच, एकदाच ते कासव चालवायचं होतं.

दसऱ्याच्या सुट्टीआधी शाळेत आयुधपूजा, म्हणजे हत्यारांची, यंत्रांची पूजा असायची. त्या दिवशी आमच्या वर्गाला त्या खोलीत पाठवलं. कशाला, तर झाडायला, पुसायला आणि कॉम्प्युटरना हळदकुंकू लावायला. हुशारांची तिकडे उजळणी चालली होती. हे काम मात्र मला येत होतं. अण्णांची शिलाई मशिनं दरवर्षी मीच सजवायची. मी एकेका कॉम्प्युटरला कुंकू लावलं, फूल वाहिलं. बाईंनी आरती केली आणि सगळ्या मुलींना घेऊन चुरमुरे वाटायला गेल्या. मी फुलांच्या देठांचा केर काढत मागे राहिले.

तेवढ्यात ती आली, बूट काढून.

"बाईंना विचारून आलेय," ती म्हणाली. "चल, कासव चालवून बघ." आणि तिने बटणाकडे हात नेला.

इतके महिने मी ह्याचीच वाट पाहत होते. पण तिने द्यावं आणि मी घ्यावं, हेच मला झोंबलं. शिवाय इथे तरी मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"पूजा झाल्यावर आज हात लावायचा नसतो," मी म्हणाले. "अण्णासुद्धा पूजेच्या दिवशी मशीनला हात लावत नाहीत. एवढंही ठाऊक नाही तुला?"

तिचा हात थांबला. आमच्या जिन्यावर बसून ती थोडं आमच्यासारखं कानडी बोलायला शिकली होती. "सरी," म्हणजे बरं, म्हणाली, आणि बूट घालून गेली.

त्या खोलीतून तिला मी बाहेर काढलं होतं. मला केवढं बरं वाटलं. घरी येऊन मी चुरमुरे खायला बसले, आणि खाताखाता लक्षात आलं की सुट्टी संपली की कॉम्प्युटर चालू होतील, आणि तिचे बूट पुन्हा दाराशी असतील. आमच्या वर्गाला त्या खोलीत परत बोलावलं ते पुढच्या आयुधपूजेला, झाडू घेऊन.