फुंकरीनं उगवलेलं झाड

लेक जलरंग घेऊन बसली की ओल्या कागदाचा वास सुटतो आणि मला सावली गावाजवळचं आमचं अंगण आठवतं. आई ऑपरेशननंतर ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात होती, कुणाशी बोलत नव्हती. तिच्यासाठी मी कार्ड करत होते. नळीनं रंग फुंकायला शाळेत शिकवलं होतं, पण घरी नळी कुठली? बाबांनी तणशीच्या ढिगातून धानाची पोकळ काडी काढून दिली. मी फुंकलं तसा तपकिरी थेंब कागदावर पळत सुटला, त्याला फांद्या फुटल्या, फांद्यांना डहाळ्या. ते झाड मी काढलंच नव्हतं, ते माझ्यासमोर आपलं आपण उगवलं होतं. बोटानं पिवळी फुलं मी फांद्यांवर टिपायला गेले, तर बाबांनी माझं बोट धरून खाली, झाडाच्या बुडाशी टेकवलं. "मोहफूल झाडावर कोन पाह्यते? ते गळून पडते, खालीच दिसते." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आई कार्डाकडे बराच वेळ बघत राहिली. "हे त आपल्या वावराच्या धुऱ्यावरचं झाड होय," ती म्हणाली. "यंदा मोह कोन वेचून राह्यलं?" बाबा खिडकीकडे वळले. आज लेक तिच्या फुंकलेल्या झाडाच्या फांद्यांवर फुलं टिपायला निघाली आहे, आणि मी नकळत तिचं बोट धरलं आहे.