धुरकऱ्याच्या हातात पतंग

आमच्या घरी वाऱ्याचे उपयोग दोनच, धान्य उफणणं आणि ओले कपडे वाळवणं. त्यामुळे माझी धाकटी बहीण वाऱ्यावर पोट भरते हे गावातल्या लोकांना समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ येतात. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात ती काउंटरवर बसायला म्हणून गेली. सुटीच्या वेळात समोरच्या वाळूत लोक काय करतात ते बघायची, आणि बघता बघता स्वतःच ते करू लागली. भला मोठा पतंग, त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला, पायाखाली फळी, आणि वारा ओढेल तसं पाण्यावरून सुसाट जायचं. काइटबोर्डिंग म्हणतात याला. आता ती नवशिक्यांना हेच शिकवते आणि त्याचा तिला पगार मिळतो. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग मलाच विचारतो, "खरंच का बे?"

त्या हिवाळ्यात ती गळ्याजवळचं हाड मोडून घरी आली. आपल्याकडे हिवाळा म्हणजे हुरडा आणि शेकोटी, तिकडे तेच वादळाचे दिवस. असाच एक झोत आला आणि ती वाळूवर आपटली. वाशीमकडून येताना आसेगावच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे आईनं तिला दूध-हळद पाजून आणि भरपूर बोलून बरं केलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तिकडून फोन यायला लागले. अडलं होतं ते फक्त बाबांपाशी. ते नाही म्हणत नव्हते, पण हो सुद्धा म्हणत नव्हते. विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे. ती कमावती बाई, तिकीट काढून निघून गेली असती तर कोण अडवणार होतं? पण बाबांनी तोंडानं 'जा' म्हटल्याशिवाय तिला जायचं नव्हतं. मी वाशीमला नोकरीला लागलो तेव्हा बाबांना दोन दिवसांनी कळवलं होतं. आम्हा भावंडांत हा फरक आहे.

बाबांबद्दल एक सांगायला हवं. तरुणपणी ते शंकरपटातले धुरकरी होते. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि छकड्यावर उभं राहून जोडी पळवतो तो धुरकरी. एकदा भर पटात ते छकड्यावरून पडले, पण हातातला कासरा सोडला नाही. बैल त्यांना तसेच फरपटत घेऊन गेले, अंगाची सालपटं निघाली, गुडघा आजही थंडीत कुरकुरतो. अजूनही लग्नाकार्यात कुणीतरी म्हातारा त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणतो, "हा तोच, कासरा न सोडणारा." बाबा मग मान खाली घालून इतके खूश होतात की बघवत नाही.

एका रविवारी मी गावी गेलो होतो. बहिणीनं जेवता जेवता सरळ विचारलं, "बाबा, मी काय करतो ते एक डाव हातात धरून त पाहा. मंग नाई म्हना."

बाबा भाकरी मोडत म्हणाले, "पतंगच न व? त्याले काय शिका लागते?"

गावाजवळच्या धरणाचं पाणी मागे सरकलं की काठाला मोकळं माळरान उरतं. तिनं आधी सगळीकडे फिरून मोटारपंपांच्या विजेच्या तारा किती लांब आहेत ते पाहिलं. वारा पाण्याकडून आपल्याकडे येतोय ना, हे गवताच्या काड्या उडवून तपासलं. मग म्हणाली की फळी नाही, पाणी नाही, आज फक्त जमिनीवर, आणि तेही सोबत आणलेल्यांतला सर्वांत लहान पतंग. पश्चिमेला ढग होते. दोन दिवस आभाळ गढूळच होतं आणि आमची तूर उभी होती, त्यामुळे ढगांकडे तसंही सगळ्यांचंच लक्ष होतं. "ते काळं त्या टेकडीच्या अल्याड आलं का आपन बंद करू," ती म्हणाली. "मंग कोनी एकच डाव म्हनाचं नाई."

बाबांना तिनं जाड फोमचं जाकीट घातलं. हेल्मेट तिचं लहान पडलं म्हणून माझं मोटारसायकलचं दिलं. कमरेला रुंद पट्टा आवळला आणि त्याच्या पुढच्या आकड्यात, पतंगाच्या दोऱ्या जिला बांधलेल्या असतात त्या हातात धरायच्या दांडीची कडी अडकवली. बाभळीखाली डबे घेऊन बसलेली आई ओरडली, "काव, बापाले बैलावानी जुपून राह्यली का?" मला हसू आवरेना. पण बहीण हसत नव्हती. या कामात ती फार कडक असते, हे मला तेव्हाच कळलं. कडीजवळ एक लाल मूठ होती. ती पुढे ढकलली की पतंग सुटतो आणि एकाच दोरीवर लुळा होऊन खाली येतो. पतंग उडवायच्या आधी तिनं बाबांकडून ती मूठ पुन्हा पुन्हा ढकलून घेतली. बाबांनी दरवेळी बरोबर ढकलली आणि दरवेळी माझ्याकडे पाहिलं.

"जोर वाढला का पह्यले दांडी सोडाची. तरी ओढलं त लाल मूठ. धरून राहाचं नाई," ती म्हणाली.

"समजलं व माय," बाबा म्हणाले.

मी लांब जाऊन पतंग उभा धरला आणि तिनं हात करताच सोडला. तो सरसर वर गेला आणि बाबा चवड्यांवर उभे राहिले. त्यांना ते जमत होतं हो! दांडी डावीकडे दाबली की पतंग डावीकडे, उजवीकडे दाबली की उजवीकडे. जोडी वळवावी तसे ते त्याला वळवत होते आणि तोंडानं चक्क हाकारत होते. आई डबे सोडून उभी राहिली. बहीण त्यांच्या मागे, पट्टा पाठीमागून घट्ट धरून.

ढग टेकडीच्या अलीकडे आले. "उतरवा बाबा," ती म्हणाली.

"थांब व. एकच डाव."

धरणाच्या पाण्यावरून एक काळपट पट्टा आमच्याकडे धावत येताना मला दिसला. तो वारा होता. पतंग फडाडला आणि बाबांची पावलं घसरायला लागली.

"सोडा! बाबा, सोडा!"

आणि बाबांनी काय करावं? गुडघे वाकवले, टाचा मातीत रोवल्या, मागे रेलले आणि दांडी छातीशी ओढून घट्ट धरली. उधळलेल्या जोडीसमोर हेच करायचं असतं. बैल त्यानं थांबत असेल, पण पतंगाची दांडी जवळ ओढली की त्याचा जोर दुपटीनं वाढतो. बाबा तोंडावर पडले आणि माळरानावरून फरपटत निघाले. बहीण पट्ट्याला लटकलेली, म्हणून तीही त्यांच्याबरोबर. समोर दगडी बांध होता. मी पळत होतो, आई नुसती "बाप्पा, बाप्पा" करत होती, आणि मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. बहिणीनं कसाबसा हात बाबांच्या पोटाखाली घातला आणि लाल मूठ ढकलली. दांडी बाबांच्या हातातून हिसकावली गेली. पतंग धपकन पडला, आणि दोघं बांधाच्या अलीकडे मातीत पडून राहिले.

मी पोचलो तेव्हा बाबा उठून बसले होते. हेल्मेटच्या काचेला माती, कोपराला खरचटलेलं, बाकी धडधाकट. टपोरे थेंब पडायला लागले होते. मला वाटलं आता बाबा म्हणणार, पाहिलं का, यासाठीच मी बोलत नव्हतो. घरच्या रस्त्याला लागल्यावर हे भिजत घोंगडं कायमचं बाजूला टाकलं जाणार. बहिणीलाही तसंच वाटलं असावं, कारण ती बाबांकडे न बघता त्यांचा पट्टा सोडवायला लागली होती.

बाबांनी हेल्मेट काढलं आणि आपल्या तळहातांकडे पाहिलं. "तू सोडा म्हनली ते मले आयकू आलं होतं," ते म्हणाले. "हातच आयकत नव्हते."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "माहं हाड काहून मोडलं? मीबी सोडलं नव्हतं, बाबा."

हे तिनं आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही आपले वाऱ्याला शिव्या देत होतो.

पाऊस वाढला. आई डोक्यावर पदर घेऊन बाभळीखालून हाका मारत होती, तरी बाबा जागचे हलले नाहीत. "तिथं येतात ते नवे लोक बी असेच धरून बसतात का?"

"सगळेच. पह्यल्या दिवशी सगळेच."

"अन् मागून पट्टा कोन धरते त्यायचा?"

"मी."

"अन् आता?"

"एक जन आहे. एकटाच आहे, त्याच्यानं पुरं पडत नाई."

बाबांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं. मग तिच्यावरच खेकसले, "मंग इथं काय करून राह्यली व तू? जाय!"

हाड मोडून आली तेव्हा ती रडली नव्हती. आता भर पावसात, चिखलात बसून हमसून हमसून रडली. बाबा तिच्या पाठीवर खरचटलेला हात फिरवत राहिले आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "लोकायचे लेकरं वाट पाहत असतीन व."