पाण्याखालची मोजणी

ज्या शहरात नळाला पाणी दिवसाआडसुद्धा येत नाही, त्या शहरात राहून माझ्या नवऱ्याने बोट घेतली. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात स्कूटर वळवायची तरी पाय टेकावे लागतात, म्हणून बोट उजनीच्या काठावर, एका ओळखीच्या माणसाच्या उसाशेजारी ठेवली. कशाला घेतली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी ध्येय पाहिजे." बोटीचं एक वेळ मी समजू शकते. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला लोक येतात, त्यांना फिरवून आणता येतं. पण बोटीची नवलाई ओसरायच्या आत ह्यांनी चार्टप्लॉटर आणला.

चार्टप्लॉटर म्हणजे बोटीवरचा नकाशा. लहानशा टीव्हीएवढा पडदा असतो, आपण पाण्यात कुठे आहोत ते त्यावर दिसतं, आणि बोटीच्या बुडाला लावलेला सेन्सर खाली किती खोल आहे ते सांगतो. समुद्रावर फार उपयोगी असतो म्हणे. समुद्र सोलापूरपासून इतका लांब, की आमच्याकडे बांगडासुद्धा बर्फात बसून येतो. पण असले तपशील ह्यांच्या उत्साहाच्या आड कधी येत नाहीत.

पहिल्या दिवशी ह्यांनी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. पडदा उजळला. चोहीकडे पिवळंधमक आणि मधोमध आमची बोट. पिवळं म्हणजे जमीन. यंत्राला उजनीचं पाणी ठाऊकच नव्हतं. जवळचं बंदर विचारलं तर त्याने कोकणातलं एक नाव सांगितलं, आणि तिकडे जायला मार्ग नाही हेही सांगून टाकलं.

मी म्हटलं, "बरोबर आहे की त्याचं. जमीनच होती इथं. माझ्या बापाची."

ते खरंच होतं. धरण व्हायच्या आधी माझ्या वडिलांचं आणि तात्यांचं, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांचं, वावर त्या पाण्याखाली शेजारी शेजारी होतं. मध्ये एक बांध. थोरला दरसाल नांगर आत घालून बांध कोरतो, असं तात्यांचं म्हणणं. धाकटा पलीकडून कोरतो, असं वडिलांचं. पुढे धरण झालं. वावरं बुडाली, बांध बुडाला, गाव बुडालं. भांडण तेवढं दोघांनी कोरडं ठेवून नव्या गावठाणात आणलं. तिथं त्यांच्या घरांना मधली भिंत एक आहे आणि बोलणं बंद आहे.

बोलणं बंद म्हणजे गप्प बसणं नव्हे. आमच्याकडे त्याची रीत आहे. तात्या सकाळी म्हशीपुढे उभे राहून मोठ्यांदा म्हणायचे, "म्हशे, काई लोकं केर आपल्या दारात लोटत्यात बग." वडील घरातून भांड्यांच्या फळीला उत्तर द्यायचे. मी माहेरी गेले की त्या म्हशीला सुट्टी मिळायची आणि तिचं काम माझ्याकडे यायचं. "सांग तुज्या बापाला." "सांग तुज्या तात्याला." दोघं हाताच्या अंतरावर बसलेले असायचे, आणि मी एकाचं दुसऱ्याला शब्दन् शब्द सांगायची.

मागच्या वर्षी वडिलांना हार्टचा त्रास झाला. सोलापुरात दवाखान्यात ठेवलं होतं. सगळी भावकी येऊन केळी देऊन गेली, तात्या आले नाहीत. दार वाजलं की वडील मान वळवायचे. मी विचारलं की म्हणायचे, "नर्स आली का बगत हुतो." मला त्या वेळी दोघांचाही संताप आला होता. त्या बांधाशी मला काही देणंघेणं नव्हतं. दोघांतला एक जायच्या आधी त्यांनी एकमेकांशी बोलावं, एवढंच मला हवं होतं. नाहीतर तात्या तिरडीपुढे उभे राहून मला सांगणार, "सांग तुज्या बापाला, नीट जा म्हणावं."

इकडे ह्यांना यंत्राने आपल्याला जमिनीवर दाखवल्याचा अपमान सहन होईना. "नकाशा नसला तर आपण करू," म्हणाले. त्यात तशी सोय असते. बोट जिथून जाईल तिथली खोली ते यंत्र टिपतं आणि तळाचा चढउतार हळूहळू पडद्यावर उमटत जातो. हे ऐकताना माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मी वडिलांना फोन केला, "आण्णा, रविवारी आपल्या वावराची मोजणी आहे." मग तात्यांना केला, "तात्या, मोजणी आहे. आण्णा येणार आहेत."

मोजणी हा शब्द आमच्याकडे वाया जात नाही. आपण गेलो नाही तर दुसरा सगळं आपल्या बाजूने ओढून घेईल, या भीतीने भावकीतला माणूस सलाइन काढून येईल. भावाच्या आजारपणात यायला तात्यांना जमलं नव्हतं. मोजणीला ते सगळ्यांच्या आधी हजर होते.

दोघांना केशरी जाकिटं चढवली. वर पांढऱ्या टोप्या. एक पुढच्या टोकाला बसला, एक मागच्या, आणि मी मध्ये, नवीन बांध म्हणून. पाणी उतरलेलं होतं, जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं. त्या शिखरावरून टेकडीच्या खांद्याकडे सरळ गेलं की आमचं वावर, याबद्दल मात्र दोघांचंही एकमत होतं. ते दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं.

ह्यांनी बोट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेली, वळवली, थोडी सरकवून परत आणली. पुन्हा तेच. तोंडाने अखंड भाषण चालू होतं. उपग्रह किती, ध्वनिलहरी कशा, तळावर आपटून परत कशा येतात. वडिलांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जावईबापू, हे नांगरटीवानीच हाय की. पर तुमचं तास वाकडं चाललंय." मागून लगेच आवाज आला, "सांग तुज्या बापाला, त्याचं कवा सरळ हुतं?" मी सांगितलं. वडिलांनी पाण्यात थुंकून उत्तर दिलं.

दुपार चढली तेव्हा सगळं वावर मोजून झालं. ह्यांनी इंजिन बंद केलं आणि आम्हाला पडद्याजवळ बोलावलं. दोन्ही म्हातारे एकदम उठले तशी बोट कलली, आणि तोल सावरायला दोघांनी एकमेकांचे दंड धरले. धरल्याचं लक्षात येताच सोडले.

पडद्यावर तळाची रेघ होती. अगदी सरळ. टेबलावर पट्टी ठेवून ओढावी तशी.

"आन् बांद?" वडिलांनी विचारलं.

"बांध नाही, मामा. गाळ भरलाय," ह्यांना केवढा आनंद झाला होता. "सगळं सपाट. तुमचं कुठलं नि त्यांचं कुठलं, आता ब्रह्मदेवालासुद्धा सांगता यायचं नाही!"

मला वाटलं होतं, बांधच नाही म्हटल्यावर दोघं हसतील, मोकळे होतील. पण वडिलांचा चेहरा दवाखान्यात दार उघडून दुसरंच कुणी आत आल्यावर व्हायचा तसा झाला. तात्या त्या सरळ रेघेकडे बघत राहिले. तेव्हा कुठे मला कळलं, की मी केवढा मूर्खपणा केला होता. इतकी वर्षं ही दोन माणसं त्या बांधाच्या दोन बाजूंनी का होईना, एकत्र उभी होती. म्हशीला सांगायला का होईना, त्यांच्याजवळ एकमेकांसाठी काहीतरी होतं. माझ्या नवऱ्याच्या टीव्हीने तेही पुसून टाकलं. मला खरोखर भीती वाटली.

तात्यांनी घसा खाकरला. "सांग तुज्या बापाला..." म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले,

"आरं, मशीन बिगाडलंय की हे."

वडिलांनी मान वर केली. उत्तर माझ्याकडे न येता थेट तात्यांकडे गेलं. "मला पयल्यापासनंच वाटतंय. आगुदर जमिनीवर बोट दावत हुतं म्हनं."

"जमिनीवर?"

"व्हय की. पिवळ्या रानात!"

तात्या हसले. इतके हसले की जाकिटाचा पट्टा सुटला. ह्यांनी यंत्र नवंकोरं असल्याचं सांगितलं, उपग्रह पुन्हा मोजून दाखवले. कुणी लक्ष दिलं नाही. दोराला दगड बांधून सोडला की बांध लागतोय का नाही ते कळेल, असं तात्यांचं म्हणणं पडलं. दोर माझ्याकडे आहे, असं वडील म्हणाले. तुझा दोर कुजका असणार, असं तात्या म्हणाले. काठाला लागेपर्यंत मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

यंत्र चांगलं होतं हे त्या दोघांनाही माझ्याइतकंच कळलं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

त्यानंतर दर रविवारी दोघं बोटीत बसून दोर सोडतात आणि तोंडाला तोंड देऊन भांडतात. ह्यांना मात्र यंत्राला बिघडलेलं म्हटल्याचं फार लागलं. रोज घरी बसून त्यांनी त्या नकाशात रंग भरले, तो मोठा छापून घ्यायचं ठरवलं, दोघांपुढे ठेवून शास्त्रीय सत्य काय ते एकदा सिद्ध करायचं ठरवलं. मी म्हटलं, "अहो, तो कागद त्या दोघांना दाखवलात, तर मुक्काम बोटीवरच करायचा. डबा मी पाठवणार नाही." ह्यांनी नकाशा कपाटात ठेवला, पण चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. आमच्याकडे म्हैस नाही, त्यामुळे ते पंख्याशी बोलत होते.

त्या शनिवारी तात्यांचा फोन आला. पहिल्याच दमात विचारलं, "पोरी, मशीन दुरुस्त झालं का गं?"

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. मी त्यांच्याकडे बघतच म्हटलं, "नाही तात्या. बिघडलेलंच आहे अजून."

"मग उद्या यावंच लागतंय की," तात्या म्हणाले. तेवढ्यात फोनमध्ये त्यांच्या मागून दुसरा आवाज आला, "च्या घे आगुदर, निवतोय!"

तो माझ्या वडिलांचा होता.