कॉफीसाठी आभार

व्हर्ना हौक्कालाला डेल लिंडक्विस्ट पहिल्यांदा दिसला तेव्हा तो उलटा होता. घरी बांधलेलं त्याचं विमान तिच्या तळ्यावरच्या धक्क्यासमोर कमरेएवढ्या पाण्यात पालथं पडलं होतं आणि हा आत पट्ट्याला वटवाघळासारखा लोंबकळत होता. व्हर्ना शपथेवर सांगते, की मासे त्याच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून निघत होते, आणि तशातही तो विमानाचे गुण गात होता.

"चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरलास ना?"

"जमिनीवर उतरायची सवय," एक मासा बाजूला सारत तो म्हणाला.

जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणाऱ्या विमानाचं हे जुनंच दुखणं. जमिनीवर चाकं खाली, पाण्यावर वर. विसरलात की कोलांटी. म्हणून उत्तर मिनेसोटातली ही हौशी विमानवाली मंडळी तळ्यावर उतरताना रेडिओवर मोठ्यानं म्हणतात, "पाण्यावर उतरतोय, चाकं वर." ऐकायला कुत्रंसुद्धा नसलं तरी म्हणतात.

व्हर्ना फायबरग्लासच्या होड्या दुरुस्त करायची. तिच्या शेडमध्ये दोघांनी सहा हिवाळे खपून नवं विमान बांधलं. ते गर्जना झकास करायचं, पण पाणी सोडून वर उठायचं नाही. डेलनं इंजिन बदललं, पंखा बदलला, शेवटी स्वतःचं वजन सोळा पौंड उतरवलं. विमान ढिम्म. विमानाच्या तळाला पाणी चिकटून बसतं आणि ते सुटावं म्हणून तळाला पायरीसारखी एक आडवी खाच लागते, ती पायरी चुकीच्या जागी होती. व्हर्नानं लाकडाचे एक्केचाळीस छोटे तळ कोरले, होडीमागे बांधून ओढले आणि पायरी चार इंच मागे नेली. दुसऱ्या दिवशी विमान उडालं.

मग डेलनं विमानाचे नकाशे छापून विकायला काढले. त्यात ठळक अक्षरांत 'लिंडक्विस्ट पायरी'. शेवटच्या पानावर, तळाशी: 'कॉफीसाठी व्हर्नाचे आभार.'

"कॉफी?" व्हर्नानं विचारलं.

"त्या ओळीत जागाच तेवढी होती गं."

व्हर्ना कॉफी पीत नाही. ती करायचा डेलच.

त्या दिवसापासून ती त्याला आडनावानं हाक मारू लागली आणि स्वतःचं विमान बांधायला बसली. नऊ वर्षं. नाकावर हातभर अक्षरांत रंगवलं: 'कॉफी'. बेत असा: या विमानवाल्यांच्या ऑगस्टच्या मेळाव्यात सगळ्यांत कमी वेळात पाणी सोडून उडायचं, आणि अख्ख्या तळ्यानं ऐकावं असं रेडिओवर एकच वाक्य बोलायचं. ते वाक्य तिनं पॉलिश पेपर घासताना घोटलं, दात घासताना घोटलं, चर्चमध्ये प्रार्थनेच्या जागीही घोटलं.

मेळाव्यात डेलला पाणी सोडायला चौदा सेकंद लागले. तो उतरून धक्क्यावर रेडिओ घेऊन बसला. व्हर्नाला लागले अकरा. धक्क्यावर टोप्या उडाल्या. आता एक फेरी मारून पाण्यावर परत उतरायचं, की चषक तिचा.

चाचण्यांत ती दर वेळी घरामागच्या गवतावरच उतरली होती. उतरायची वेळ आली तसा हात आपोआप चाकांच्या दांड्याकडे गेला आणि चाकं खाली आली. चाकांचं वाक्य म्हणायच्या नेमक्या क्षणी तिनं रेडिओचं बटण दाबलं आणि नऊ वर्षांचं वाक्य चवीनं म्हटलं:

"काय लिंडक्विस्ट, कशी झालीय कॉफी?"

"व्हर्ना, चाकं. चाकं खाली आहेत तुझी."

"जळतंय होय रे?" व्हर्ना म्हणाली, आणि उतरली.

डेल बुटांसकट पाण्यात शिरला. पट्टा कापून तिला बाहेर ओढताना त्यानं एवढंच विचारलं, "मासे दिसले का?"

चषक डुलुथच्या एका दंतवैद्याला मिळाला. नकाशांच्या नव्या आवृत्तीत व्हर्नाचं नाव दोनदा आहे, एकदा कॉफीसाठी आणि एकदा चाकांच्या इशाऱ्याखाली. पायरीला अजून लिंडक्विस्ट पायरीच म्हणतात.