लुसियाचे शब्द ऐकणारी वैशाली

मंदारचा फोन आला तेव्हा मी भर मीटिंगमध्ये होते. “वैशालीला गोळ्या घातल्या... क्लिनिकच्या पार्किंगमध्ये,” एवढंच तो बोलू शकला. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या त्या लख्ख दुपारी मी हॉस्पिटल गाठलं, तोवर त्याची बायको, माझी मैत्रीण, गेली होती.

वैशाली नागपूरची, स्पीच थेरपिस्ट. घरात स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही कानांवर पडणारी, पण अजून बोलत नाहीत म्हणून आईबाप धास्तावलेले, अशी लेकरं तिच्याकडे येत. त्यांच्यासाठी ती चाळिशीत स्पॅनिश शिकली. “अगं, नुसतं इंग्रजी तपासलं की पोर मागे वाटतं. दोन्हीकडचे शब्द एकत्र धर, मग बघ कसं बोलकं निघतं!” हे सांगताना तिचा आवाज चढायचा.

दोन वर्षांची लुसिया अशीच आईबापांबरोबर आली. घरात फक्त इंग्रजीच, असं तिच्या बापाचं फर्मान. त्याच्यासमोर पोर अगदी गप्प. वैशालीनं त्याला बाहेर बसवलं, आणि लुसिया बोलू लागली... पाण्याला ‘आग्वा’, कुत्र्याला ‘डॉग’, चंद्राला ‘लूना’. वैशालीनं त्याला आनंदानं आत बोलावलं. म्हणाली, “मुलगी अगदी नॉर्मल आहे. तिच्या आईला स्पॅनिश बोलू द्या.”

आपल्या माघारी बायको लेकीशी स्पॅनिश बोलते हे कळताच त्यानं वळून तिच्या थोबाडीत मारली. ती पडली, तसा लाथा घालू लागला. वैशाली मधे पडली. त्यानं तिचा हात पिरगाळून भिंतीवर आपटला. हाड मोडलं, पण पोलीस येईपर्यंत ती त्या बाईपुढून हटली नाही.

प्लॅस्टरमधला हात घेऊन ती माझ्या किचनमध्ये बसली होती. मी चिडून म्हटलं, “साक्षीबिक्षीत पडू नकोस यार.”

“ती पोर कोपऱ्यातून ‘नो, नो’ किंचाळत होती गं. ‘नो’ दोन्ही भाषांत एकच असतं... कशी सोडू?”

तिनं साक्ष दिली. तो तुरुंगात गेला, मायलेकी दुसऱ्या गावी. सुटल्यावर तो बंदूक घेऊन थेट वैशालीसमोर उभा राहिला. “कुठे आहेत त्या?” हे त्याचं ओरडणं पार्किंगमधून क्लिनिकच्या आतपर्यंत ऐकू आलं. तिला ठाऊक होतं. तिनं सांगितलं नाही.

तो आता कोठडीत आहे. परवा मंदारबरोबर वैशालीची क्लिनिकमधली खोली आवरायला गेले. मुलांच्या डोळ्याला डोळा भिडावा म्हणून ती बसायची ती बुटकी निळी खुर्ची जागेवरच होती. मायलेकी भेटायला आल्या. लुसियानं खुर्चीवर हात ठेवून आईला विचारलं, “दोन्दे?” म्हणजे, कुठे? आई नुसती रडत राहिली. मग लुसिया माझ्याकडे वळली. “व्हेअर?”

मी तिच्याएवढी होऊन, डोळ्याला डोळा भिडवून, त्या खुर्चीशेजारी खाली बसले.