स्वतःच्या जाहिरातीवर मी क्लिक केलेले नाही

“आमचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांनी सारी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये घालवली, ते निवृत्तीनंतर इंटरनेटवर लेख लिहून पैसे मिळवू लागले. लेखाच्या बाजूला जाहिरात येते आणि वाचकाने तिच्यावर क्लिक केले की लेखकाला थोडे पैसे मिळतात. पण वाचक आणायचे कोठून? तेव्हा हे गृहस्थ रोज सकाळी आंघोळीच्या आधी स्वतःच स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करीत बसू लागले. अंगठा सुजला आणि कंपनीने खाते बंद केले.”

हा मजकूर आमच्या मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत छापून आला. त्यात नाव दिलेले नाही, ही लेखकाची सभ्यता असे काहींचे मत पडले. परंतु सिंगापूरच्या पुंगोल भागातील मराठी मंडळींत इंजिनरूममध्ये हयात घालवलेला आणि इंटरनेटवर लिहिणारा म्हातारा एकच आहे, आणि तो मी आहे. मजकूर लिहिणारे गृहस्थ बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि रोज सकाळी माझ्याबरोबर पाण्याच्या कडेने फिरायला येतात. त्यांच्या या परिच्छेदातील केवळ अंगठा सुजल्याची गोष्ट खरी आहे. तो स्वयंपाकघरातील सिंकखालच्या पाइपात अडकला होता, आणि पाइप दुरुस्त झाला.

मंडळातल्या हसण्याचे मला काही वाटले नसते. परंतु सूनबाईने ती स्मरणिका जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवली, आणि माझी दहा वर्षांची नात पोटभर हसून झाल्यावर माझ्या हातावर हात ठेवून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “नेव्हर माइंड लाह, आजोबा. एव्हरीबडी डझ इट.”

याच मुलीने कॅरम खेळताना बाहीने सोंगटी सरकवली, तेव्हा मी तिला ती जागच्या जागी परत ठेवायला लावली होती. बाही आपोआप लागली हा तिचा युक्तिवादही मी फेटाळला होता. आता तिने मला क्षमा केली! न केलेल्या अपराधाची क्षमा ही शिक्षेहून अपमानकारक असते. हे लेखन त्या एका क्षमेच्या विरोधात आहे.

घडले ते असे. निवृत्त होऊन मी मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि पाहता पाहता आसपासच्या मराठी घरांचा बिनपगारी इंजिनियर झालो. कुणाचा गीझर तापत नसे, कुणाचे वॉशिंग मशीन घरभर नाचत असे. सकाळपासून फोन सुरू होत. मी प्रत्येकाला तेच समजावून सांगत असे आणि प्रत्येक जण ते अर्धवट ऐकून स्क्रूड्रायव्हर हाती घेत असे.

“बाबा, एकदा लिहूनच काढा ना,” सूनबाई म्हणाली. “मी ब्लॉग सुरू करून देते. लिंक पाठवली की झालं.”

मी लिहू लागलो. प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बदलावा, यावरील माझा पहिला लेख शुद्ध मराठीत, पायरीपायरीने आणि योग्य त्या इशाऱ्यांसह लिहिलेला होता. तो पुण्यापर्यंत वाचला गेला. तेव्हा सूनबाईने दुसरी कल्पना मांडली. ब्लॉगवर जाहिरातींना जागा द्यायची, आणि वाचकाने क्लिक केले की त्याचे पैसे आपल्या खात्यात जमा होतात.

“माझ्या व्हॉल्व्हशेजारी साबण विकणार?” मी विचारले.

“साबण की आणखी काही, ते कंपनी ठरवते, बाबा. तुम्ही फक्त लिहायचं.”

मी संमती दिली आणि विसरून गेलो. एके दिवशी दाढी करून बाहेर आलो, तर कमाईच्या तक्त्यात शून्याच्या जागी काही सेंट उमटलेले होते! आयुष्यात मला मिळालेला प्रत्येक पैसा मी ठरल्या वेळी, ठरल्या जागी, घामाने निथळत उभा राहिलो म्हणून मिळाला होता. हा पैसा मी गालाला साबण लावीत असताना आला होता. कोणीतरी, कोठेतरी, माझ्या शब्दांजवळ थांबले होते.

मला घरात बसवेना. कोथिंबीर आणण्याचे निमित्त करून मी बाहेर पडलो आणि एलआरटीत चढलो. आमच्याकडची ही छोटी, चालकविरहित गाडी वर्तुळात फिरते, त्यामुळे उतरलो नाही तरी ती परत घरीच आणते. मी उतरलो नाही. पुन्हा एक फेरी झाली, आणखी एक झाली. खिडकीतून इमारतींमागून इमारती सरकत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच विचार गरगरत होता: या प्रत्येक खिडकीमागे स्वयंपाकघर आहे, कित्येक स्वयंपाकघरांत कुकर आहे, प्रत्येक कुकरला व्हॉल्व्ह आहे, आणि कोणताही व्हॉल्व्ह अमर नाही! मी एकटाच हसत होतो. समोरच्या बाईंनी आपले बाळ दुसऱ्या मांडीवर घेतले.

घरी आलो तर पत्नी दारातच उभी होती. “अहो, होतात कुठे?”

“मी पुन्हा कमावता झालो!”

“बरं झालं. कोथिंबीर?”

दुसऱ्या दिवशी फिरणे आटोपल्यावर आम्ही फिरणारी मंडळी नेहमीप्रमाणे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, बसलो आणि मी सर्वांना माझ्यातर्फे कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, पाजली. तेथे मी नेमके काय बोललो हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण त्यावर माझ्या पत्नीचे एक स्वतंत्र कथन प्रचलित आहे. मी म्हणालो, “वाचकाने जाहिरातीवर क्लिक केले की मला पैसे मिळतात.” एवढेच.

“तेच म्हणते मी,” पत्नीचे म्हणणे. “पेढ्यांच्या दुकानासमोर उभं राहून तुम्ही म्हणालात, मला पेढे आवडतात.”

“ती माहिती होती. विनंती नव्हती.”

“मग पेढे आले कसे?”

ते कसे आले हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला एवढेच दिसत होते की तक्त्यातले आकडे चढत आहेत. इंजिनरूममध्ये दाबाचे काटे जसे न्याहाळत असे, तसा मी ते आकडे न्याहाळू लागलो. वाचक जवळपास तेवढेच होते, परंतु क्लिक सारखे वाढत होते. याचे श्रेय मी माझ्या शैलीला दिले, आणि त्यात गैर ते काय? गीझरवरील लेख मी पुन्हा लिहिला, त्याला भारदस्त उपसंहार जोडला, आणि क्लिक आणखी वाढले! मी कार्डे छापून घेतली. त्यांवर निवृत्त चीफ इंजिनियर या ओळीखाली ‘लेखक’ असा शब्द घातला आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या अपरिचितांनाही ती वाटली. कंपनी ठराविक रक्कम जमल्याखेरीज पैसे पाठवीत नाही, आणि ती रक्कम आता दृष्टिपथात आली होती. त्या दिवशी सर्वांना माशांचे जेवण द्यायचे, असे मी जाहीर करून टाकले.

सकाळच्या बैठकांना तर ऊत आला होता. मंडळी आपापले फोन काढून माझ्या लेखांशेजारी आज काय आले आहे ते वाचून दाखवीत.

“चीफ, तुमच्या वॉशिंग मशीनच्या लेखाला नवरीचे शालू आलेत!” मॅनेजर सांगत.

“मला केस उगवणारं तेल आलंय,” कॅप्टन म्हणत. हे आमच्यातले दुसरे दर्यावर्दी. त्यांचे टक्कल बंदरातून दिसावे असे आहे.

“कंपनीची नजर चांगली आहे, कॅप्टन.”

“तुमच्या शालूंपेक्षा बरी. या वयात कोणाला नेसवणार आहात?”

या हास्यकल्लोळात मी आणखी कोपी आणायला उठत असे. पाठीमागे काय चालत असे, ते मला दिसत नव्हते.

आणि मग कंपनीचा ईमेल आला. अवैध क्लिक आढळल्यामुळे खाते बंद करण्यात येत आहे आणि जमलेली रक्कम देण्यात येणार नाही. सूनबाईने तो वाचला, स्क्रीनकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. “बाबा, तुम्ही स्वतः तर कधी...”

“सूनबाई!”

“नाही, सहज विचारलं.”

दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये मी ही बातमी सांगितली. मग कॅप्टन दुखावलेल्या स्वरात म्हणाले, “असं कसं? आम्ही तर एक दिवस चुकवला नाही!”

“काय चुकवलं नाही?”

“तुमची भवानी.”

तेव्हा सगळे बाहेर आले. ओळखीच्या माणसाने दुकान थाटले की जाऊन काहीतरी विकत घ्यायचे, त्याची भवानी करून द्यायची, ही रीत या सर्वांच्या अंगात मुरलेली. माझा ब्लॉग त्यांच्या दृष्टीने दुकानच होता. लेख वाचून जाहिरातीला हात न लावता परतणे म्हणजे दुकानात बसून पाणी पिऊन रिकाम्या हाताने उठणे. म्हणून मी कोपीच्या रांगेत उभा राहिलो की सगळे जण घाईघाईने क्लिक करीत. माझ्यासमोर करीत नसत, कारण उपकाराचे प्रदर्शन करू नये.

“दुकानात शिरून काही न घेता बाहेर पडायचं, हे आमच्या घरी शिकवलेलं नाही,” मॅनेजर छाती काढून म्हणाले. हे त्यांचेच शब्द आहेत. ते स्मरणिकेत आलेले नाहीत.

मी त्यांना समजावले की रोज एकाच वेळी, एकाच टेबलावरून, हॉकर सेंटरच्या एकाच वाय-फायवरून इतके क्लिक झाले, तर दूर बसलेल्या कंपनीला एकच लबाड म्हातारा घाईघाईने बटण दाबीत असल्यासारखे दिसणार.

“म्हणजे आम्ही सगळे मिळून तुम्ही झालो?” कॅप्टननी विचारले.

“झालात.”

“आणि मी तर तेलाची बाटलीसुद्धा मागवली हो!”

“मागवलीत?”

“नुसतं क्लिक करून कसं चालेल? त्या तेलवाल्यालाही घरदार असेल की.”

येथे मला जे हसू सुटले ते आवरेना. लेखकपद गेले होते, माशांचे जेवण गेले होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. कॅप्टन हसता हसता टेबलावर डोके टेकून बसले. मॅनेजरांनी तर कबुलीच दिली की शालूंवर इतक्यांदा क्लिक केल्यामुळे आता त्यांच्या फोनवर जिकडे तिकडे नवऱ्याच नवऱ्या दिसतात आणि घरून विचारणा झाली आहे की लग्न कोणाचे. ट्रे गोळा करणाऱ्या बाई आमच्याकडे पाहून स्वतःही हसू लागल्या. मला आठवते त्याप्रमाणे सिंगापुरात मी इतका कधीच हसलो नव्हतो, आणि अशा मित्रांवर रागावण्याचा विचार मला शिवलाही नाही. अपील करण्याची एकच संधी होती. त्यात मी सत्य लिहिले: माझ्या मित्रांनी प्रेमापोटी हे केले. कंपनीने ते नाकारले. प्रेमासाठी त्यांच्या नियमांत रकाना नसावा.

येथे प्रकरण संपायला हवे होते. परंतु चेष्टेचे कधी गांभीर्य होईल, सांगता येत नाही. सर्वाधिक क्लिक मॅनेजरांचेच, तेव्हा चीफचे खाते मॅनेजरांनी बुडवले, असे कॅप्टन चारचौघांत म्हणू लागले. ते मॅनेजरांना लागले. आणि मग स्मरणिकेत तो परिच्छेद आला.

मी त्यांना पाण्याच्या कडेलाच गाठले. “हे काय लिहिलंत, मॅनेजरसाहेब?”

“विनोदी लेख आहे, चीफ.”

“विनोद असत्यावर उभा आहे.”

“बघा, आम्ही दिवसाला एकेक क्लिक करायचो. फार तर दोन. एवढ्यावर खातं बंद होत नसतं. बाकीचे कोणाचे?”

“पुरावा?”

“तर्क.”

“बँकेत तर्कावर कर्जं देत होतात?”

“तुमच्यासारखा कर्जदार असता तर तेवढंही दिलं नसतं!”

आम्ही अजून रोज एकत्र फिरतो. फक्त तो विषय निघाला की दोघेही चालण्याचा वेग वाढवतो.

माझ्या मुलाने मांडलेली बाजू वरवर दयाळू आहे, म्हणून ती अधिक धोकादायक. त्याच्या मते मी मुद्दाम काही केले नाही, परंतु माझा अंगठा जाड, फोनची स्क्रीन लहान, तेव्हा लेख वरखाली करताना चुकून क्लिक झाले असणार. नातीने हे तत्काळ मान्य केले. “सो नॉट चीटिंग, आजोबा. ओन्ली फॅट थंब.” म्हणजे मी आता लबाड नव्हतो, वेंधळा होतो. चीफ इंजिनियरला यांतले कोणतेही विशेषण चालत नाही.

परवाच्या रविवारी मी तिला शेजारी बसवून एका मराठी वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरील बातमी वाचायला शिकवीत होतो. तीच बातमी तिने तिच्या आईच्या फोनवर उघडलेली होती. तिच्याकडे ओळींमध्ये चपला, विमा आणि पंखे नाचत होते. माझ्याकडे त्या जागी पांढरी पोकळी होती. तिने दोन्ही पडदे शेजारी धरले, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले आणि ओरडली, “बाबा! व्हाय आजोबाज वन गॉट नो ॲड्स?”

माझा मुलगा आतून आला. माझ्या ब्लॉगवर मला कधी जाहिरात दिसत नसे, हे मी जाणून होतो. मालकाला त्याच्याच हॉटेलात बिल आणून देत नाहीत, तसा तो कंपनीचा शिष्टाचार असावा अशी माझी समजूत होती. परंतु वर्तमानपत्र माझे नव्हते.

“ते मीच बसवलंय, विसरूनच गेलो होतो,” मुलगा म्हणाला. “जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम. तुम्हाला कोणी फसवू नये म्हणून.”

“कॉम्प्युटरवर?”

“फोनवरही.”

“केव्हा?”

नात त्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि मीही.

“दोन्ही तुम्हाला दिले त्याच दिवशी,” तो म्हणाला. “ब्लॉग सुरू व्हायच्या आधी.”