बरंसर

सरांविषयी मी लिहावं का, असा प्रश्न मला पडतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; लिहिण्याची सवय उत्तरपत्रिकेपुरती. सरांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी, खूप शिकलेली माणसं आहेत. त्यांची आधीच माफी मागतो. पण त्यांनी लिहिलं तर ती सरांचं कौतुक करतील, आणि कौतुक हीच एक गोष्ट सरांना सोसत नसे.

सर कोणालाही शाबासकी देत नसत. काहीही सांगा, मान किंचित हलवून म्हणायचे, "बरं." उत्तर बरोबर आलं, बरं. चुकलं, तरी बरं. आमच्या तुकडीनं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव बरंसर ठेवलं. मी देऊळघाटहून रोज बुलडाण्याला प्रशिक्षणासाठी येणारा, संख्याशास्त्राचा विद्यार्थी. आजूबाजूला डॉक्टर, मानसशास्त्राचे प्राध्यापक, पीएच.डी. करणारे. या लोकांत एक शाबासकी मिळाली असती तर मी ती महिनाभर पुरवली असती.

प्रशिक्षण संशोधनाच्या नव्या पद्धतीचं होतं. एचआयव्हीच्या गोळ्या चालू असतात, पण दारू सुटत नाही, आणि दारूपायी गोळ्या चुकतात. अशा माणसांना कोणती मदत खरोखर उपयोगी पडते, हे शोधायचं. सगळ्यांना एकच उपाय नाही. आधी फोनवरून विचारपूस. तेवढ्यानं भागलं नाही, तर घरी भेटी किंवा गटातल्या बैठका, यांतलं एक चिठ्ठी टाकून. म्हणजे पुढची पायरी माणसाच्या उत्तरावर ठरणार. "उत्तर खोटं आलं," सर म्हणायचे, "की तुमचं सगळं गणित खोटं. आणि तो माणूस मदतीवाचून राहील, ते वेगळंच."

म्हणून दुपारभर सराव चाले. सर खुर्चीत पेशंट होऊन बसत आणि आम्ही एकेकानं विचारायचं. एका तरुण डॉक्टरांना सर म्हणाले, "सोडली, साहेब." डॉक्टर खुशीत म्हणाले, "व्हेरी गुड!" सर खुर्चीतून उठलेच. "झालं. पुढच्या महिन्यात मी तुमच्याशी खोटं बोलणार. ते व्हेरी गुड मला परत हवं असणार ना!"

त्याच दिवशी त्यांनी स्वतःचंही सांगितलं. तेही एके काळी भरपूर पीत. आता सुटली होती. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर सरांनी हात वर केला. "टाळ्या नकोत. उद्या पुन्हा घेतली, तर तुम्हाला सांगायला मला तोंड राहणार नाही." मागच्या रांगेतून उज्ज्वलाताई, आमच्यातल्या समुपदेशक, हळूच म्हणाल्या, "बरं." मग सगळेच हसले, सरही.

लोणार रस्त्यावरच्या एका गावी आम्हाला नेलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. ती सवय सरांनीच लावली. तिथं एका म्हाताऱ्या बाबांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, सोडली. सर त्यांच्याजवळ ओट्यावर टेकले, पाऊसपाण्याचं बोलले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"कालच घेतली," बाबा म्हणाले.

"बरं."

"रागावले नाही काय तुमी?"

"नाही."

"काऊन?"

"रागावलो तर पुढच्या खेपेला खरं सांगाल?"

"छे! कशाले सांगतो!" बाबा तोंडभर हसले.

आमच्या छापील कागदावर तो प्रश्न असा होता: 'मागील सात दिवसांत आपण किती दिवस मद्यसेवन केले?' मी भीत भीत म्हणालो, "सर, आमच्याकडे असं कोणी बोलत नाही."

"मग कसं बोलतात?"

"मांगच्या आठवड्यात किती दिवस घेतली, भाऊ?"

एकदोघांना हसू आलं. सर म्हणाले, "बरं," आणि फळ्यावर तेच वाक्य लिहिलं.

समारोपाला पाहुणे आले. शाल-श्रीफळ झालं. व्यसनावर मात केलेला आदर्श माणूस म्हणून पाहुण्यांनी सरांकडे बोट दाखवलं आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. सर शाल पांघरून खाली बघत बसले होते. या वेळी त्यांनी हात वर केला नाही.

संध्याकाळी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. शाल पिशवीत कोंबलेली होती. नागपूरची गाडी यायची होती. सर अचानक म्हणाले, "तुझा तो प्रश्न विचार पाहू एकदा."

मला वाटलं, ही शेवटची परीक्षा. मी सरळ बसलो. "मांगच्या आठवड्यात किती दिवस घेतली, भाऊ?"

सर समोरच्या गाड्यांकडे पाहत राहिले. "तीन," ते म्हणाले.

मी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. "बरं."

त्यांनी माझ्याकडे वळून बराच वेळ पाहिलं. "चांगलं शिकलास," ते म्हणाले.

देऊळघाटच्या गाडीत मी एकटाच हसत होतो. घरी जाऊन आईला सांगितलं, सरांनी शाबासकी दिली. "कोन? तो बरंबरंवाला?" आई म्हणाली. "मंग तर लय मोठी गोष्ट झाली."

पुढे सरांना फोन केला की ते "मजेत" म्हणायचे आणि माझ्या अभ्यासाचं विचारायचे. मग त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. मोठा माणूस, कामात असेल, असं मी समजत होतो.

परवा उज्ज्वलाताईंचा फोन आला. "जय भीम, ताई," मी म्हणालो.

"सर गेले रे. लिव्हर गेलं होतं."

माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "बरं."

"बरं काय रे? बरं काय?" त्या रडायलाच लागल्या. थोड्या वेळानं सावरून म्हणाल्या, "सरांच्या मॅडम सांगत होत्या, आपलं प्रशिक्षण संपता संपताच पुन्हा सुरू झाली होती त्यांची. घरी लपवली, आपल्यापासून लपवली. एवढे लोक होतो आपन. एकाले तरी सांगाचं होतं त्याइनं."

"सांगितलं होतं, ताई," मी म्हणालो. "तीन दिवस, म्हणाले होते."